मिस्त्रींना मी बोलावून आणलं

कंपनीची बस राहुरीला सकाळी सहाच्या सुमारास यायची. मी चढायचे तेव्हा मिस्त्री डाव्या बाजूच्या तिसऱ्या बाकावर आधीच बसलेले असायचे, कारण ते कोल्हारहून यायचे. मांडीवर डबा, कानाला मफलर, डोळे मिटलेले. मी त्यांच्या मागच्या बाकावर टेकले की डोळे न उघडता विचारायचे, "आल्या का ताई?" मी "हो" म्हणायचे. मग विळद घाट चढून नगरची एमआयडीसी येईपर्यंत आमच्यात फारसं बोलणं नसायचं. अशी आमची सतरा-अठरा वर्षं गेली.

मी तिथे डिझाइनच्या खोलीत होते. माझे वडील कृषी विद्यापीठात कारकून. मुलीने डिप्लोमा केला तरी पुढे बँकेत नाहीतर शाळेत चिकटावं, अशी त्यांची इच्छा होती. मी गेले साच्यांच्या कारखान्यात. घरी कुणी पाहुणे आले आणि त्यांनी मी काय करते असं विचारलं की वडील नुसतं "इंजिनिअरिंग लाइनला आहे" म्हणायचे. कारण खरं उत्तर ऐकायला चमत्कारिक वाटायचं. आम्ही गॅसच्या शेगडीची बटणं करायचो. जे फिरवलं की गॅस चालू होतो, ते बटण. मालक कंपनी युरोपातली. तिकडून आकाराची चित्रं यायची, मी त्यावरून साच्याचं ड्रॉइंग करायचे, मशीनवर पोलाद कापलं जायचं, आणि शेवटी तो साचा, मिस्त्रींच्या भाषेत 'डाय', त्यांच्या टेबलावर जायचा. मशीनने कापलेल्या पोलादावर सूक्ष्म ओरखडे असतात. ते हाताने घासून, पॉलिश करून काढायचे, पण किती काढायचे आणि कुठे थांबायचं, हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. मिस्त्री अंगठ्याचं नख साच्याच्या कडेवरून फिरवायचे, मान हलवायचे, पुन्हा घासायचे. त्यांनी पास केलेल्या साच्यातून निघालेलं बटण आणि दुसऱ्या कुणी पास केलेलं बटण डोळे झाकून ओळखता यायचं.

एका वर्षी तिकडून नवीन काम आलं. ज्यांच्या बोटांत जोर राहिलेला नाही अशा वयस्कर लोकांसाठी बटण हवं होतं. सोबत तीन चित्रं होती. दिसायला तिन्ही देखणी. नमुने करून पाहिले तर एकही हातात नीट बसेना. मी बसमध्ये सहज हे बोलून गेले, तर मिस्त्री मागे वळून म्हणाले, "आमच्या हिचा हात बघा एकदा."

त्यांच्या बायकोला संधिवात होता. बोटं गाठींनी वाकडी झालेली. एका रविवारी मी शाडूच्या मातीचे अकरा आकार करून कोल्हारला घेऊन गेले. मावशी ओट्यावर बसल्या आणि एकेक आकार हातात धरून पाहू लागल्या. माझ्या मनात होतं की त्यांना संकोच वाटेल. त्या तर भाजी निवडावी तशी माझी मेहनत निवडत होत्या. "ह्ये बोचतंय. ह्ये निसटतंय. ह्याला धरायला लई जोर लागतोय, ह्ये कुनाला द्यायचं न्हाई." आठव्या की नवव्या आकाराला त्या थांबल्या. दोनदा फिरवून पाहिला.

"ह्याच्यात बोटं आपसूक बसत्यात," त्या म्हणाल्या. "पर हितं जरा दाबा."

त्यांनी दाखवलं तिथे मी माती अंगठ्याने दाबली. तोच आकार शेवटपर्यंत राहिला.

ते बटण खूप चाललं. तिकडे त्याला डिझाइनचं कसलंसं बक्षीस मिळालं आणि एका गुळगुळीत परदेशी मासिकात पानभर फोटो आला. आमच्या कारखान्याच्या मॅनेजर साहेबांनी ते पान कापून नोटीस बोर्डावर लावलं. खाली तिकडच्या मुख्य डिझायनरची मुलाखत होती. आपल्या आजीचे हात लहानपणापासून बघत होतो, त्यातून हा आकार सुचला, असं त्याने सांगितलं होतं. मी ते वाचून आधी हसले, मग दिवसभर माझं डोकं फिरलेलं होतं. संध्याकाळी बसमध्ये मिस्त्रींना सांगितलं. ते बाहेर बघत म्हणाले, "त्याची बी आजी आसंल की ताई."

त्यानंतर जगात जे काही होत गेलं ते आमच्यापर्यंत शिफ्ट कमी होण्याच्या रूपाने पोहोचलं. तिकडे लढाई सुरू झाली. कँटीनच्या टीव्हीवर रणगाडे दिसायचे आणि आम्ही आमटी-भात खाता खाता बघायचो. ती लढाई आपल्या गावच्या रस्त्याने येईल असं तेव्हा कुणाच्या मनात आलं नव्हतं. मग तिकडे गॅस महागला. लोक विजेवरच्या काचेच्या शेगड्या घ्यायला लागले. त्यांना बटण नसतं, काचेवर बोट टेकवलं की झालं. रात्रपाळी बंद झाली. पुढे समुद्रात हल्ले होऊ लागले म्हणून जहाजं लांबच्या वाटेने जाऊ लागली, आमचे कंटेनर आठवडेच्या आठवडे उशिरा पोहोचू लागले. रविवारचा ओव्हरटाइम गेला. मग अमेरिकेने जकात वाढवली, आणि शेवटी कळलं की मालक कंपनीच विकली गेली आहे. कुणी घेतली, तर एका गुंतवणूकवाल्या फंडाने. त्याचं ऑफिस कुठे आहे हे आमच्या साहेबांनाही सांगता आलं नाही.

त्या काळात मिस्त्री बसमध्ये रोज विचारायचे, "काय म्हनतंय जग?" मी मोबाईलवरच्या बातम्या वाचून दाखवायचे. ते सगळं ऐकून घ्यायचे आणि एवढंच म्हणायचे, "लई लांब हाय म्हना सगळं."

ज्या दिवशी सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं, त्या दिवशी पडद्यावर एक बाई आली. नवीन मालकांकडची. तिने पाच-सात मिनिटं इंग्रजीत सांगितलं आणि साहेबांनी त्याचं मराठी दोन वाक्यांत केलं. हा कारखाना बंद होणार, साचे व्हिएतनाममधल्या कारखान्यात जाणार. तीन महिन्यांत सगळं काम तिकडच्या लोकांना शिकवून द्यायचं. हिशेब नियमाप्रमाणे मिळेल. बाईने शेवटी हात जोडून नमस्कार केला आणि पडदा काळा झाला. मागून कुणीतरी विचारलं, "आज जेवान हाय का न्हाई?" आणि लोक ताटं घ्यायला उठले.

पंधरा दिवसांनी व्हिएतनामहून दोघं आली. एक वयस्क गृहस्थ, ते मशिनींचं बघायचे. आणि एक मुलगी, जेमतेम सव्वीस-सत्तावीसची असेल, साच्यांचं शिकायला आलेली. ती माझ्याबरोबर असायची. इंग्रजी मोडकंतोडकं, माझंही काही फार बरं नाही, पण ड्रॉइंगवर बोट ठेवलं की आमचं भागायचं. वहीत सगळं नीट लिहून घ्यायची. कँटीनमधली शेंगदाण्याची चटणी तिला फार आवडली. मी ठरवून तिच्याशी कोरडं वागायचं म्हणत होते, आणि दुसऱ्याच आठवड्यात तिच्यासाठी घरून चटणीची बरणी घेऊन गेले.

पण मिस्त्रींनी शिकवायला साफ नकार दिला. ती मुलगी त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली की ते हातातलं काम खाली ठेवायचे आणि हात पुसत बसायचे. साहेबांनी बोलावून समजावलं, मग जरा दरडावलं. मिस्त्री म्हणाले, "डाय तुमची हाय, खुशाल न्या. हात माझा हाय." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रजा टाकली.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं.

"तुमचं ते ऐकतात," ते म्हणाले. "जाऊन सांगा त्यांना. म्हणावं, हँडओव्हर अर्धवट राहिलं तर वरचे लोक सगळ्यांचाच हिशेब अडकवून ठेवतील."

"खरंच अडकवतील?" मी विचारलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "तसं सांगा," ते म्हणाले.

इथे मला एक गोष्ट लिहायला हवी, जी मी बरेच दिवस स्वतःलाही नीट सांगितली नव्हती. युनियनबरोबरचा करार आदल्याच आठवड्यात झाला होता. त्याची प्रत माझ्या शेजारच्या टेबलावर टायपिंगला होती आणि मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली होती. शिकवण्याचा आणि हिशेबाचा काही संबंध त्यात नव्हता. हे मला माहीत होतं. आणि मला हेही माहीत होतं की कारखाना बंद झाल्यावर तिकडच्या साच्यांची ड्रॉइंग घरून करून द्यायचं वर्षभराचं काम एकाच माणसाला मिळणार आहे. साहेबांनी ते माझ्यासाठी बोलून ठेवलं होतं. त्या दिवशी केबिनमध्ये त्यांनी त्याचा उल्लेखही केला नाही. गरज नव्हती.

आणखीही एक होतं. ते बटण तिकडे गेल्यावर कुणीतरी कसंतरी घासून बिघडवेल, याचं मला मनापासून वाईट वाटत होतं. हे कारण मी तेव्हा स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण तेवढ्यासाठी मी कोल्हारला गेले नसते.

रविवारी मी एसटीने गेले. पुलाजवळ उतरून चालत. मिस्त्री अंगणात पाण्याची मोटर खोलून बसले होते. मावशी ओट्यावर सुपात तांदूळ घेऊन निवडत होत्या. खडा दिसला की तो चिमटीत धरायला त्यांना तीन-तीनदा प्रयत्न करावा लागायचा. मला बघून त्यांना आनंद झाला. "ताई आल्या, च्या ठिवते," म्हणून त्या उठायला लागल्या. मीच त्यांना बसवलं.

मिस्त्रींना कळलं होतं मी कशाला आले ते. त्यांनी पाना खाली ठेवला नाही.

"सायबांनी धाडलं का?"

"हो. पण मीही येणारच होते."

"मंग बोला."

मी बोलले. जसं सांगायला सांगितलं होतं तसंच. म्हटलं, तुम्ही शिकवलं नाहीत तर सगळ्यांचेच पैसे अडकतील. ज्यांची पोरं शाळेत आहेत, ज्यांना उद्या कुठे काम मिळेल याचा भरवसा नाही, ते सगळे लटकतील. माझा आवाज चांगला स्थिर होता. मला आठवतंय, बोलताना मी मिस्त्रींकडे न बघता मावशींकडे बघत होते, कारण त्यांच्यावर परिणाम होईल हे मला ठाऊक होतं.

मावशींनी सूप बाजूला ठेवलं.

"आवो, मंग जावा की," त्या म्हणाल्या.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"हिशोबातलं न्हाई कळत. पर त्या पोरांच्या घरच्या बाया मला म्हाईत हायेत. तुमी हितं हात धरून बसनार, आन् तिकडं त्यांच्या चुली बंद." मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, "हात काय कुनी कापून नेत न्हाई. शिकवल्यानं कमी हुतो व्हय?"

मिस्त्रींनी मोटरचं झाकण परत बसवलं. "उद्या येतो," ते म्हणाले. ते मला म्हणाले की मावशींना, ते समजलं नाही.

सोमवारी ते बसमध्ये होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता. हातात दोन डबे होते. एक त्यांचा आणि एक मावशींनी त्या मुलीसाठी दिलेला, बाजरीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. "पाव्हनी हाय म्हनती," ते म्हणाले. "तिखट कमी घातलंय."

पुढचे अकरा दिवस मी त्यांच्या टेबलाजवळ दुभाषी म्हणून उभी होते, पण माझी गरज पहिल्या दिवशीच संपली. मिस्त्रींनी त्या मुलीला आधी दोन दिवस नुसतं बसवून ठेवलं आणि स्वतः काम करत राहिले. तिसऱ्या दिवशी तिच्या हातात पॉलिशची काडी दिली. ती जोर लावून घासायची. ते तिच्या मनगटाला हलकेच टिचकी मारायचे आणि तिच्याबरोबर मराठीतच बोलायचे. "जोर न्हाई. जोर न्हाई बाई. त्येला कुरवाळ." तिला शब्द कळत नव्हते, टिचकी कळत होती. मग त्यांनी तिचा अंगठा धरून नख साच्याच्या कडेवरून फिरवलं, नंतर स्वतःच्या जुन्या नमुन्यावरून फिरवलं, पुन्हा साच्यावरून. ती डोळे मिटून बसायची. असं किती वेळा झालं असेल देव जाणे.

आठव्या दिवशी दुपारी ती एकदम थांबली. तिने काडी खाली ठेवली, नख फिरवलं आणि मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी साचा उचलून खिडकीच्या उजेडात धरला, मग स्वतःचं नख फिरवलं. त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद आला की मला दुसरीकडे बघावं लागलं.

"हात हाय पोरीला," ते मला म्हणाले. "ताई, सांगा तिला. हात हाय म्हनावं."

मी सांगितलं. ती उठून वाकली आणि त्यांना "मास्टर" म्हणाली. मिस्त्रींना काय करावं सुचेना, त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

त्या आठवड्याच्या शेवटी कधीतरी कँटीनमध्ये युनियनच्या माणसाने कराराच्या प्रती वाटल्या. मी तिथे नव्हते. पण पुढच्या सोमवारी मी बसमध्ये चढले तेव्हा मिस्त्रींनी "आल्या का" असं विचारलं नाही. मला वाटलं, झोप लागली असेल. मंगळवारीही विचारलं नाही. मीही काही विचारलं नाही. बातम्या वाचून दाखवायचंही त्या दिवसापासून बंद झालं.

साचे गेले त्या दिवशी फार ऊन होतं. प्रत्येक साच्याला ग्रीस लावून, प्लास्टिकात गुंडाळून लाकडी पेटीत घातलं. दसऱ्याला आम्ही त्याच साच्यांना हळद-कुंकू वाहायचो. त्या दिवशी कुणीतरी नारळ आणला होता, पण फोडायचा की नाही यावर एकमत होईना, तो खिडकीतच राहिला. पेट्यांवर गावाचं नाव लिहायचं होतं, तेव्हा आणखी एक घोळ झाला. शहराचं नाव बदललेलं, कागदपत्रं काही जुन्या नावाची, काही नव्या नावाची. साहेबांनी चार ठिकाणी फोन केले आणि शेवटी जुन्या नावाचा शिक्का मारला, कारण तिकडच्या संगणकात तेच नाव होतं. मिस्त्री आमच्या बटणाच्या साच्याला ग्रीस लावत होते. मी जवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी काम थांबवलं नाही की वर पाहिलं नाही. कंटेनर गेटातून वळताना सगळे बाहेर येऊन उभे राहिले होते. काहींनी मोबाईलवर व्हिडिओ काढला. ती मुलगी रडत होती, मला त्याचा राग आला, आणि मी तिला पाणी आणून दिलं.

हिशेब सगळ्यांना ठरल्याप्रमाणे आणि एकाच दिवशी मिळाला. ज्यांनी शिकवलं त्यांना आणि ज्यांनी शिकवलं नाही त्यांनाही.

मला घरून ड्रॉइंग करायचं काम मिळालं. वर्षभराचं म्हणून सांगितलं होतं, चार महिन्यांत बंद झालं. तिकडे त्यांनी स्वतःची माणसं तयार केली होती, आणि ती मीच तयार केली होती. त्या मुलीने मला पहिल्या नमुन्यांचे फोटो पाठवले. पाठोपाठ व्हिडिओ: ती नख फिरवतेय, समोर दोन नव्या मुली बसल्यात आणि ती त्यांच्या मनगटाला टिचकी मारतेय. खाली लिहिलं होतं, मास्टरना दाखवा. मी तो व्हिडिओ कितीदा पाहिला ते सांगता येणार नाही. मिस्त्रींना पाठवला नाही. पाठवला असता तर फोन करावा लागला असता, आणि फोन केला तर काय बोलायचं हे मला ठरवता येत नव्हतं.

हिवाळ्यात कळलं की मावशी गेल्या. तापाचं निमित्त झालं, लोणीला दवाखान्यात नेलं, तिथून परत आल्याच नाहीत. आमच्या बसच्या जुन्या ड्रायव्हरने फोन करून सांगितलं. पाचव्या दिवशी मी भेटायला गेले.

अंगणात सतरंजी टाकलेली होती. भेटायला आलेली माणसं येऊन-जाऊन होती. मिस्त्रींची लेक पुण्याहून आली होती, ती आत-बाहेर करत होती. मी बायकांमध्ये आत जाऊन बसले, थोडं रडले, पाणी प्यायले. माणसं पांगल्यावर बाहेर आले. मिस्त्री भिंतीला टेकून बसले होते. दाढी वाढलेली. मी त्यांच्यासमोर बसले.

काय बोलायचं ते मी येताना एसटीत पाठ केलं होतं. ते काही आठवलं नाही.

"मिस्त्री," मी म्हटलं, "त्या रविवारी मी तुमच्याशी खोटं बोलले. हिशेब अडकणार नव्हता. मला माहीत होतं."

त्यांनी मान हलवली. "कळलं हुतं मला. करार वाटला तवाच."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत."

"कुनाला बोलू?" ते म्हणाले. "तुमी मला एकट्याला सांगितलं आसतं तर मी तुमाला बोललो आसतो, आन् मिटलं आसतं. तुमी तिच्यासमोर सांगितलं."

लेक दारात आली, आमच्याकडे बघून परत आत गेली. मिस्त्री आवाज खाली आणून बोलू लागले.

"तिनं मला धाडलं. आन् मंग रोज इचारायची, शिकली का पोरगी, मिळनार ना आता पोरास्नी पैशे. हिशोब मिळाला तवा येनाऱ्या-जानाऱ्याला सांगायची, आमचे ह्ये गेले म्हनून मिळाला बरं का. दवाखान्यात त्या नर्सबाईला बी सांगितलं. लई बरं वाटायचं तिला. आयुष्यात आपल्या एका शब्दानं कुनाचं काय भलं झालं, आसं तिला पहिल्यांदाच वाटत हुतं. मी काय सांगू तिला? म्हनू, तुला गंडवली?"

मी सतरंजीची दुमडलेली कड सरळ करत राहिले.

"म्या तिला न्हाई सांगितलं. शेवटपत्तोर न्हाई. आता तुमी सांगाया आल्या. कशाला आल्या ताई? मला म्हाईत हुतं, तिला म्हाईत नव्हतं, ती गेली. आता ह्ये बोलून कुनाला हलकं वाटनार हाय?"

त्यांनी ते रागाने विचारलं नाही. खरंच विचारत होते. आणि उत्तर त्यांनाही ठाऊक होतं, मलाही.

"माफ करा," मी म्हटलं.

"माफीचं न्हाई काय. ती पोरगी शिकली, त्येचं मला वाईट वाटत न्हाई. हात चांगला हाय तिचा." मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "पर तुमी पुन्हा येऊ नका हितं. ओट्यावर तुमी बसल्या की मला ती सूप घिऊन बसलेली दिसती."

दुःखाच्या घरून निघताना 'येते' म्हणायचं नसतं. मी चपला घातल्या आणि निघाले. लेकीने आतून हाक मारली, "अवो, च्या तरी घ्या," पण मिस्त्रींनी तिला हाताने थांबवलं.

स्टँडवर एसटीसाठी तासभर उभी होते. उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक जात होत्या, रस्त्यावर पडलेली कांडकी बायका गोळा करत होत्या. माझ्याजवळ मोबाईलमध्ये तो व्हिडिओ होता. जाताना मनात होतं की बोलणं झालं की दाखवीन, त्यांना बरं वाटेल. तो दाखवायचं राहूनच गेलं, आणि आता दाखवायला तोंड उरलं नव्हतं. एसटी आली तेव्हा बसायला जागा होती, तरी राहुरीपर्यंत मी उभीच आले.

आता मी राहुरीत एका छापखान्यात बसते. बियाण्यांच्या पाकिटांची, खताच्या पोत्यांची चित्रं करते. कांद्याचं पाकीट असलं की मालकाला कांदा खऱ्यापेक्षा लाल हवा असतो, तो मी करून देते. जुन्या कारखान्याच्या जागी आता गोदाम आहे. मिस्त्री काही दिवस लेकीकडे पुण्याला होते, करमलं नाही म्हणून परत आले, एवढं ड्रायव्हरकडून कळलं. त्यापुढचं मी विचारलं नाही. कामासाठी शिर्डीकडे जावं लागतं तेव्हा एसटी कोल्हारला थांबते, माणसं चढतात-उतरतात, आणि मी खिडकीतून दुसऱ्या बाजूला बघत बसते.

व्हिएतनामच्या त्या मुलीचे मेसेज अजून येतात. तिला बढती मिळाली. तिचं लग्न ठरलं. दर वेळी शेवटी ती विचारते, मास्टर कसे आहेत? मी लिहिते, बरे आहेत.